घरच्या घरी करा कोथिंबीर-शेपूचे दाटसर डिप

कोथिंबीर हे कमी दिवसांचे, कमी पाण्याचे आणि रोख पैसा देणारे पीक म्हणून आपल्याकडे ओळखले जाते. पेरणीपासून ३५ ते ४५ दिवसांत जुडी बांधता येते. मात्र या पिकाइतका बाजारभावाचा चढउतार फार थोड्या पिकांना सोसावा लागतो. नारायणगाव किंवा नाशिकच्या बाजारात शेकडा जुड्यांचा जो भाव आज मिळतो, तो चार दिवसांनी मिळेलच असे नाही. मागील हिवाळ्यात जुन्नर तालुक्यातील एका गावी महिला शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गासाठी जाण्याचा योग आला. वाटेतच एका शेतात काढणीला आलेल्या कोथिंबिरीवर रोटाव्हेटर फिरताना दिसला. काढणी, बांधणी आणि वाहतुकीचा खर्चही निघणार नाही, असे त्या शेतकरी बंधूंचे म्हणणे होते आणि हिशेब पाहता ते चुकीचे नव्हते. दुपारी त्यांच्याच घरी चहाला गेलो. ओटीवर त्यांची दोन मुले दुकानातून आणलेल्या वेफर्सबरोबर पाकिटातील पांढरे मेयोनीज खात बसली होती. गोठ्यात दोन म्हशी होत्या. डिप तयार करण्याचा विषय कृषिविद्येच्या माणसाने हाती घ्यावा, याचे कारण त्या दिवसाचे हे दृश्य होय.

डिप म्हणजे भाजीचा तुकडा, पापड, भाकरी किंवा पाव बुडवून खाण्याचा दाटसर पदार्थ. नाव परके असले तरी पदार्थ परका नाही. कोशिंबीर आणि चक्का यांच्या मधला हा प्रकार आहे असे समजावे. ग्रीसमध्ये पाणी काढलेल्या दह्यात काकडी, लसूण आणि शेपू किंवा पुदिना घालून त्झात्झिकी नावाचा असाच पदार्थ करतात. लेबनॉनकडे टांगलेल्या दह्याला लबने म्हणतात, म्हणजे आपला चक्काच. आपण चक्क्यात साखर घालून श्रीखंड केले, त्यांनी मीठ घातले, एवढाच फरक.

मेयोनीजला दाटपणा येतो तो तेलामुळे. नेहमीच्या मेयोनीजमध्ये साधारण ७० ते ८० टक्के तेल असते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ ग्रॅममध्ये, १० ग्रॅमहून अधिक स्निग्ध पदार्थ पोटात जातात. कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजमध्ये रोगजंतूंचाही धोका असतो. याच कारणावरून तेलंगण राज्याने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर प्रत्येकी एक वर्षाची बंदी घातली होती. चक्क्याच्या डिपला दाटपणा येतो तो दुधातील प्रथिनांमुळे. म्हशीच्या संपूर्ण दुधाचा चक्का घेतला तरी १५ ग्रॅममध्ये सुमारे अडीच ग्रॅमच स्निग्धांश असतो. गाईच्या दुधाचा घेतला तर त्याहूनही कमी.

चक्का कसा बांधावा

सर्व काही चक्क्यावर अवलंबून आहे, म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. एक लिटर दूध घ्यावे. गाईचे दूध किंवा एकदा तापवून साय काढलेले म्हशीचे दूध या कामासाठी उत्तम. यंत्रावर लोणी काढून घेतलेले दूधही चालते, पण त्याचा चक्का कोरडा आणि जरा खरखरीत होतो.

दूध चांगले उकळावे आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटे ढवळत ठेवावे. यामागे कारण आहे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली प्रथिने निवळीत राहणारी असतात. दूध नीट तापले म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनांचा बराच भाग केसीनला चिकटतो. त्यामुळे दही घट्ट लागते, पाणी कमी सुटते आणि प्रथिने वाया जात नाहीत. नुसते कोमट करून विरजलेल्या दुधाचे दही मऊ लागते व कापडातून पांढरट पाणी गळते. ते पांढरट पाणी म्हणजे आपल्याच म्हशीचा चारा वाया गेला असे समजावे.

दूध बोटाला सोसेल इतके, म्हणजे ४० अंश सेल्सियसच्या आसपास, निवले की दोन चमचे ताजे, गोडसर विरजण घालून ढवळावे. उन्हाळ्यात सहा ते आठ तासांत आणि थंडीत दहा-बारा तासांत दही लागते. लागताच ते वापरावे. रात्रभर लागून दुपारपर्यंत तसेच राहिलेले दही आंबट होते आणि त्या आंबटपणापुढे कोथिंबिरीचा स्वाद टिकत नाही.

पातळ सुती कापड उकळत्या पाण्यातून काढून घ्यावे. त्यात दही बांधून तीन ते चार तास सावलीत, माशा बसणार नाहीत अशा जागी टांगावे. श्रीखंडासाठी आपण चक्का आठ-दहा तास टांगतो. डिपसाठी तितका कोरडा चक्का नको. चमचा उभा राहील पण भाकरीवर पसरेल, असा असावा. एप्रिल-मे महिन्यात दही बाहेर टांगू नये. चाळणीत कापड घालून त्यात दही ओतावे, खाली पातेले ठेवावे आणि हे सर्व फ्रीजमध्ये ठेवावे. एक लिटर दुधापासून अशा प्रकारे ३५० ते ४०० ग्रॅम मऊ चक्का मिळतो. गाईच्या दुधाचा थोडा कमी भरतो.

निवळी फेकू नये

खाली जमलेले हिरवट पाणी बहुतेक घरांत मोरीत ओतले जाते. या पाण्याला हिरवट-पिवळी झाक येते ती रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वामुळे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दूध आंबले की केसीनला जखडलेले कॅल्शियम सुटे होऊन पाण्यात उतरते. त्यामुळे चक्क्यात प्रथिने एकवटतात, पण दुधातील कॅल्शियमचा मोठा भाग निवळीबरोबर जातो. ‘चक्का खाल्ला की दुधाचे सर्व गुण मिळाले’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. निवळीत भाकरीचे किंवा थालीपिठाचे पीठ भिजवावे, कढी करावी किंवा आमटीत आंबटपणासाठी घालावी. निवळीत भिजवलेल्या पिठाचे थालीपीठ त्याच डिपबरोबर खाल्ले तर दुधातले दुधात राहिले.

पाला कोणता व किती

वरील चक्क्यासाठी निवडलेली कोथिंबीर ४० ग्रॅम, म्हणजे चिरून साधारण दोन मुठी, शेपूची कोवळी पाने एक चिमट आणि पुदिन्याची आठ-दहा पाने घ्यावीत. याशिवाय लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पाऊण चमचा मीठ लागते. लोणी काढलेल्या दुधाचा चक्का असेल तर एक चमचा शेंगदाणा किंवा करडईचे तेल घालावे. हिरव्या पाल्यातील कॅरोटीन, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, ते थोडा स्निग्ध पदार्थ सोबत असल्याशिवाय अंगी लागत नाही. तेव्हा ‘बिनचरबीचे’ म्हणून अगदी कोरडे डिप करण्यात शहाणपण नाही.

शेपूचे नाव काढताच नाके मुरडणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. प्रस्तुत लेखकही वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत त्यांतलाच होता. शेपूची सुगंधी तेले स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यामुळे चक्क्यात मिसळल्यावर तो उग्र वास एकदम नाकात न शिरता जिभेवर सावकाश उतरतो. भाजीत शेपू न खाणारी मुले या डिपमध्ये तो खातात, असा आमच्या घरचा अनुभव आहे. मात्र दांडे निबर झालेला शेपू घेऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कोथिंबिरीचे नाव आले की ‘रक्त वाढते’ असे छापले जाते. पाल्यातील लोह शरीर फार थोडे शोषून घेते आणि सोबत दुधाचे कॅल्शियम असेल तर ते शोषण आणखी घटते. तेव्हा ज्या भगिनींना किंवा मुलींना रक्तक्षय आहे त्यांनी या डिपवर भिस्त ठेवू नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, आणि गोळी घेण्याच्या वेळी दूध, चक्का किंवा चहा घेऊ नये. डिपचा फायदा निराळा आहे. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर माणशी दोन ग्रॅमही भरत नाही. चार माणसांनी वरील डिप संपवले तर प्रत्येकाच्या पोटात दहा ग्रॅमहून अधिक कच्चा पाला आणि सात-आठ ग्रॅम दुधाची प्रथिने जातात.

कृती, आणि एक फजिती

त्या प्रशिक्षण वर्गात या पदार्थाचे प्रात्यक्षिक मी स्वतः करून दाखविले. कोथिंबीर धुतली, निथळली न निथळली तोच चिरली, काकडी किसून घातली, मीठ घालून सर्व चक्क्यात कालवले आणि फळ्यावर प्रथिनांचे आकडे लिहू लागलो. अर्ध्या तासाने पातेल्याकडे वळून पाहतो तो दाटसर डिपचे ताक झालेले. चाळीस भगिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढच्या रांगेत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “सर, कोशिंबिरीला मीठ पान वाढताना घालायचं असतंय. आधी घातलं तर ती रडायला लागती.”

आजींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पानाच्या किंवा काकडीच्या पेशीबाहेर मीठ पडले की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. त्यात धुतलेल्या पानांवरचे पाणी मिळाले. त्या दिवसापासून मी आजींच्या पद्धतीने चालतो, ती अशी.

पाला धुवून स्वच्छ कापडावर पसरावा आणि हाताला ओल लागणार नाही इतका कोरडा होऊ द्यावा. धारदार विळीने किंवा सुरीने बारीक चिरावा. मिक्सरमध्ये वाटू नये. वाटल्याने पेशी फुटून पाणी सुटते, पुदिना काळा पडतो आणि चव कडवट होते. लसूण व मिरची मात्र खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर ठेचून घ्यावी. लसूण जितका ठेचला जाईल तितका तिखट होतो, म्हणून मुलांसाठी करावयाचे असल्यास एकच पाकळी पुरे. चक्का चमच्याने किंवा रवीने चांगला घोटावा. पुरणयंत्रातून काढल्यास अगदी लोण्यासारखा मऊ होतो. त्यात ठेचा, जिरेपूड व तेल घालून फेटावे आणि पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. चिरलेला पाला आणि उरलेले मीठ खायला बसण्यापूर्वी मिसळावे.

काकडी घालायचीच असेल तर किसून, मीठ लावून दहा मिनिटे ठेवावी, घट्ट पिळावी आणि मगच घालावी. पिळलेले पाणी खारट असते, तेव्हा डिपमध्ये मीठ त्या मानाने कमी घालावे. इतके करूनही डिप पातळ झालेच तर दोन चमचे डाळ्याचे पीठ किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट मिसळावे. हा उपायही आजींचाच.

पाला शेवटी घालण्याचे आणखी एक कारण आहे. दह्याच्या आंबटपणात पानांतील हरितद्रव्य बदलते आणि हिरवागार रंग काही तासांत शेवाळी होतो. खाण्यास अपाय नसतो, पण घरातील माणसे ते खात नाहीत.

कच्चा पाला व स्वच्छता

भाजी शिजते, डिप शिजत नाही. म्हणून पाला कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या खतावर वाढला याला येथे महत्त्व आहे. आपल्याकडे परसात मोरीचे पाणी जाते तेथे पुदिना लावण्याची रीत आहे. पुदिना तेथे माजतो खरा, परंतु त्या पाण्यात आंघोळीचे, भांड्यांचे आणि लहान मुलांचे कपडे धुतलेलेही पाणी असते. असा पुदिना कच्चा खाऊ नये. त्याच्या दोन मुळ्या उपटून विहिरीच्या पाण्यावरच्या कुंडीत किंवा वाफ्यात लावाव्यात, महिन्या-दीड महिन्यात भरपूर पाला मिळतो. नाल्याच्या पाण्यावर घेतलेल्या कोथिंबिरीबाबतही हेच. ताजे शेण वाफ्यात टाकू नये, चांगले कुजलेले खतच वापरावे.

पाला धुताना प्रथम मुळे कापून टाकावीत, पिवळी व सडकी पाने निवडावीत आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवून वर उचलावा. पाणी ओतून देऊन पाला गाळू नये, कारण खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असे तीन वेळा करावे. धुण्याने माती जाते आणि जंतूंची संख्या घटते, पण पाला निर्जंतुक होत नाही. आंतरप्रवाही कीटकनाशक तर पानाच्या आतच असते, ते कितीही धुतले तरी जात नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. अनेक गावांत शेतकरी बंधू मला बांधाकडेचा एक छोटा वाफा दाखवितात आणि म्हणतात, “हा घरचा, साहेब. याच्यावर आम्ही काही मारत नाही.” उरलेल्या अर्ध्या एकरावर मावा दिसला की काढणीच्या चार दिवस आधीही फवारा होतो. ही अडचण मी समजू शकतो. डागाळलेल्या जुडीला व्यापारी हात लावत नाही. परंतु ती जुडी ज्या घरात जाते तेथेही कोणीतरी ती कच्चीच चिरून मुलांच्या ताटात घालणार असते. पानासाठी घेतलेले पीक ४० दिवसांचे, त्यात काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळायला जागाच थोडी असते. म्हणून सुरुवातीपासून पिवळे चिकट सापळे, मावा दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क आणि दाट पेरणी टाळणे यांवर भर द्यावा. रासायनिक औषध वापरणे भागच पडले तर लेबलवर त्या पिकाचे नाव आहे की नाही आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे आहे हे वाचल्याशिवाय पंप खांद्याला लावू नये.

घरच्यापुरता वाफा

दोन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा पाच माणसांच्या कुटुंबाला पुरतो. एकदम सर्व न पेरता त्याचे तीन भाग करून दर १२ ते १५ दिवसांनी एक भाग पेरावा, म्हणजे कोवळा पाला सतत मिळतो. संपूर्ण वाफ्याला १५ ते २० ग्रॅम धने लागतात. धना म्हणजे एक बी नसून दोन बिया एकत्र असलेले फळ आहे. म्हणून धने फळीखाली किंवा चपलेखाली हलके रगडून दोन भाग करावेत, १२ तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवावेत आणि १५ सेंटिमीटर अंतरावरील ओळींत पेरावेत. उगवण ८ ते १२ दिवसांत होते. न रगडता पेरलेल्या धन्याची उगवण उशिरा आणि मागेपुढे होते. शेपू एका कडेच्या ओळीत टाकला तरी पुरतो. तापमान ३६ अंशांच्या वर गेले की कोथिंबिरीची वाढ मंदावते आणि ती लवकर फुलावर येते. उन्हाळ्यातील वाफा म्हणूनच शेवग्याच्या विरळ सावलीत किंवा शेडनेटखाली घ्यावा.

साठवण व विक्री

पाला न घातलेला चक्का झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. पाला मिसळलेले डिप दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. उन्हाळ्यात ते दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये. वर पाणी सुटले तर ढवळून खाण्यास हरकत नाही, मात्र बुडबुडे, चिकट तार किंवा यीस्टसारखा वास आल्यास टाकून द्यावे. सोबत गाजर, मुळा, काकडी, नाचणीचा भाजलेला पापड किंवा ज्वारीची कडक भाकरी द्यावी. तळलेल्या वेफर्सबरोबर खाल्ले तर तेल आणि मीठ दुसऱ्या वाटेने पोटात येतेच.

वर्ग संपल्यावर काही बचत गटांनी हे विकता येईल का, असे विचारले. पाला मिसळलेले डिप बर्फाच्या किंवा फ्रीजच्या सोयीशिवाय आठवडी बाजारात विकावे, असे मी सुचविणार नाही. त्यापेक्षा मसाला घालून फेटलेला चक्का थंड पेटीतून आणि त्याबरोबर निवडून, धुवून, कोरडी केलेली कोथिंबीर-शेपूची पुडी वेगळी द्यावी. मिसळण्याचे काम गिऱ्हाईक घरी करील. असा कोणताही अन्नपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते, आणि डब्यावर तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख घालावी लागते. पहिले दोन महिने गावातील ओळखीच्या पंधरा-वीस घरांनाच माल द्यावा, आणि कोणत्या दिवशी किती डबे परत आले ते वहीत लिहून ठेवावे.